काचमण्यांचं ब्रेसलेट: ४५० सांगितलं की "दीडशेला द्या". दर नक्की कसा लावायचा?

मणीकाम_गुहागर

नमस्कार. गुहागरला किनाऱ्यालगत शनिवार-रविवार आणि सुट्ट्यांत स्टॉल असतो. माल तीन तऱ्हेचा: काचमण्यांची सुईने विणलेली ब्रेसलेटं, मोत्यांच्या नथी, आणि गणपतीच्या आधी ऑर्डरवर गौरीचे दागिने. अडतंय ते ब्रेसलेटपाशी, म्हणून त्याचाच हिशोब मांडते.

मणी जपानी, मियुकी कंपनीचे डेलिका, माप ११/० (बारीक नळीसारखे). पट्टी १४ मणी रुंद आणि १६ सेंटिमीटर लांब, पेयोट विण (मणी विटांसारखे एकाआड एक बसतात ती). साधारण १४०० मणी लागतात. ग्रॅमला २०० च्या आसपास बसतात म्हणजे ७ ग्रॅम, सांडलेले आणि वाकडे निघालेले धरून ८. मला १६ रुपये ग्रॅमने पडतात, म्हणजे १२८. दोरा ५ मीटर १५ रुपये, स्लाइड लॉक (एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्यांचं) २५, डबी आणि कार्ड १२. सगळे मिळून १८०. विणायला तीन तास, लॉक बसवून दोऱ्याची टोकं आत जिरवायला अर्धा तास. स्टॉलचं भाडं दिवसाला ३००, सगळ्या प्रकारचे मिळून आठेक नग जातात.

सांगते ४५०, जातं ३५० ला. "एवढ्याशा मण्यांचे एवढे?", "दादरला स्टेशनबाहेर दीडशेला मिळतं", "घरीच तर बनवता, तुम्हाला काय पडतं?" ही तीन वाक्यं दिवसभर ऐकायची. ४५० जास्त आहेत का? या तिघांना उत्तर काय द्यायचं? आणि इथल्या एका रिसॉर्टने काउंटरवर माल ठेवायला सांगितलंय, कमिशन ३०%. त्यांना दर कुठला द्यायचा?

हिशोबाची_वही

ताई, ४५० जास्त नाहीत, कमी आहेत. तुमच्याच आकड्यांवरून बघा.

३५० मधून सामानाचे १८० गेले, उरले १७०. स्टॉलचं भाडं आठ नगांवर वाटलं तर नगामागे ३७. उरले १३३. साडेतीन तासांनी भागा: तासाला ३८ रुपये. महाराष्ट्रात रोजगार हमीचा २०२५-२६ चा दर रोजाला ३१२ रुपये होता, आठ तासांनी भागला तर तासाला ३९. म्हणजे डोळे फोडून केलेल्या या कामाला खड्डे खणण्यापेक्षाही कमी दाम मिळतोय, आणि त्यात स्टॉलवर बसलेले तास धरलेलेच नाहीत.

मजुरीचा दर ठरवताना दिवसाचे आठ तास धरू नका. ११/० चे मणी पाच तासांपेक्षा जास्त विणले तर डोळे आणि मान दोन्ही बोलायला लागतात, शिवाय सहाव्या तासाला चुकलेली ओळ सातव्या तासाला उसवावी लागते. पाच तासांत निदान ३५० रोज सुटायचा तर तासाला ७० लागतात. तेवढेच धरू.

साडेतीन तासांचे २४५. सामान १८०. मोडलेल्या सुया, दिवा, मुंबईहून माल आणायचा खर्च, विसात एखादा फसलेला नग, या सगळ्याचे ४०. बेरीज ४६५. ही घरातली पडती किंमत, म्हणजे नग तुम्हाला केवढ्याला पडतो ते. स्टॉलवर विकलं तर भाड्याचे ३७ मिळवून ५०२.

आता रिसॉर्ट. इथे बहुतेकांची एकच चूक होते: पडत्या किमतीवर ३०% चढवतात. ४६५ वर ३०% म्हणजे ६०५ होतात. पण रिसॉर्ट कमिशन कापतं ते विक्रीच्या किमतीवर, ६०५ वर. १८१ गेले, हातात ४२४. नगामागे ४१ रुपये खिशातून. म्हणून चढवायचं नाही, भागायचं. ४६५ भागिले ०.७० म्हणजे ६६४. याच्या खाली किंमत जाऊ द्यायची नाही. ६९० ठेवा, रिसॉर्टकडून ४८३ सुटतील.

आणि तेच ६९० स्टॉलवरही. हे फार महत्त्वाचं. रिसॉर्टमध्ये ६९० चं पाहिलेलं ब्रेसलेट संध्याकाळी वाळूत ४५० ला दिसलं तर गिऱ्हाईक रिसॉर्टवाल्याला जाऊन सांगतं, आणि पुढच्या आठवड्यात तुमचा माल परत येतो. स्टॉलवर ६९० मध्ये १८८ जास्तीचे सुटतात, ती दुरुस्तीची आणि पुढच्या मालाची शिल्लक. त्याला सूट द्यायची जागा समजू नका.

माल ठेवताना यादी दोन प्रतींत करा: नग, रंग, किंमत, तारीख, दोघांच्या सह्या. हरवला किंवा खराब झाला तर भरपाई विक्रीच्या ७०% ने, हे त्यातच लिहून घ्या. हिशोब महिन्याच्या ठरलेल्या तारखेला. मे संपायच्या आत न खपलेला माल उचलून आणायचा. पावसाळ्यात बंद पडलेल्या काउंटरवर चार महिने पडून राहिलेलं लॉक काळं पडतं आणि तो नग पुन्हा विकता येत नाही.

पटवेकरी_मालवण

वरचा हिशोब चोख आहे. पण तो वहीतच राहू द्या, गिऱ्हाइकासमोर काढू नका. "साडेतीन तास लागतात" हे वाक्य स्टॉलवर बोलायचंच नाही. बरेच जण टॅगवर "हातकाम, ३ तास" असं लिहितात. त्याने होतं काय, समोरचा मनात तासांचा भाव काढतो आणि त्याला तो महाग वाटतो. तुम्हाला किती कष्ट पडले यावर कोणी दागिना घेत नाही. मनगटावर किती दिवस टिकेल, नीट बसेल का आणि तुटला तर कोण जोडून देईल, एवढंच तो बघतो. बोलायचं ते यावर.

टॅगवर हे लिहा: "जपानी काचमणी, सुमारे १४००. स्टीलचं लॉक. सहा महिने दुरुस्ती मोफत. ₹६९०." किंमत छापील किंवा निदान सुवाच्य अक्षरात हवी. "ह्या केवढ्याक?" असं विचारल्यावर तोंडाने आकडा सांगितला की तो सौद्याचा आकडा होतो, कारण सांगताना आवाज थोडा तरी खाली येतोच. टॅगवरच्या किमतीवरून घासाघीस होत नाही असं नाही, पण निम्मी तरी टळते.

दीडशेवाल्या ब्रेसलेटची निंदा करू नका. ते वेगळं काम आहे, फरक हातात द्या. स्टॉलवर दोन बशा ठेवा. एकीत प्लॅस्टिकचे मणी, दुसरीत काचेचे. गिऱ्हाइकाच्या तळहातावर आधी प्लॅस्टिकचे ओता, मग काचेचे. काच थंड लागते आणि जड लागते, कोणाला समजावावं लागत नाही. बाजूला अर्धी विणलेली पट्टी सुईसकट ठेवा. सुई बारा नंबरची, केसाएवढी. जो म्हणेल "एवढ्याशा मण्यांचे एवढे?" त्याला सांगा, "बघा ना ताई, पाच मणी लावून." बहुतेकींचा दुसऱ्या मण्याला सुईचा नेम चुकतो. तिसऱ्याला त्या हसतात. मग किंमत विचारायचा सूरच बदलतो.

"घरीच तर बनवता" याला एकच उत्तर: "हो, म्हणूनच तुमच्या मापाचं करून देता येतं." आणि माप खरंच घ्या. ताई, सगळ्या पट्ट्या १६ सेंटिमीटरच्या केल्यात तिथे थोडं चुकतंय. बायकांचं मनगट साधारण १४ पासून १७ पर्यंत असतं. पट्टी आणि लॉक मिळून मनगटापेक्षा एक सेंटिमीटर जास्त हवं. कमी पडलं तर लॉकवर ताण येऊन पहिली ओळ उसवते, जास्त झालं तर पट्टी उलटते. १४, १५ आणि १६ अशा तीन पट्ट्या करा, मागे तीन सेंटिमीटरची साखळी द्या. न बसणारा दागिना फुकटातसुद्धा महाग वाटतो.

आता ज्यावर ६९० उभे राहतात ते. दुरुस्तीची हमी द्यायची तर माल परत येता कामा नये, आणि आपल्याकडच्या खाऱ्या दमट हवेत तो हमखास येतो.

विणायला तंगूस वापरू नका. मासेमारीचा तो नायलॉनचा धागा स्वस्त आणि सोपा आहे खरा, पण उन्हाने कडक होतो, गाठ सरकते, आणि एके दिवशी मध्येच तुटून मणी वाळूत जातात. डेलिकाला विणकामाचा वळलेला नायलॉन दोरा किंवा फायरलाइन नावाचा न ताणणारा मजबूत दोरा. टोक जिरवताना सुई त्याच मण्यातून तिसऱ्या-चौथ्यांदा जाते, तिथे जोर लावला की मणी आतून फुटतो आणि पट्टीच्या मधोमध भोक पडतं. शेवटच्या दोन इंचाला तेरा नंबरची, म्हणजे आणखी बारीक सुई घ्या. अडली तर मागे या, दुसऱ्या ओळीतून वळवा.

लॉक पितळी मुलाम्याचं असेल तर समुद्राकाठी एका मोसमात काळवंडतं. स्टेनलेस स्टील घ्या, ३०४ प्रतीचं चालेल, ३१६ मिळालं तर उत्तम. चुंबकाचं लॉक लाटांत खेळणाऱ्या पर्यटकाला देऊच नका, ते पाण्यातच राहतं.

गिअर वायरवर (प्लॅस्टिकचं आवरण असलेल्या बारीक स्टीलच्या तारेवर) ओवलेल्या माळा करत असाल तर गिअर लॉक, म्हणजे वायरचं टोक पकडणारा धातूचा छोटा मणी, दाबताना शेवटच्या मण्याला अगदी चिकटवू नका, एक-दोन मिलिमीटर ढील ठेवा. घट्ट ओढलेली माळ गळ्यात वळली की वायर लॉकच्या कडेवर घासून तिथेच तुटते. साध्या पकडीने चपटं केलेलं लॉक वायर कापतं, गिअर लॉकची खाचेची पकड वेगळी मिळते.

रंगाची परीक्षा माल घेतल्याघेतल्या करायची. प्रत्येक नव्या रंगाचे दहा मणी ओल्या पांढऱ्या फडक्यात रात्रभर, दहा नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये तासभर, दहा खिडकीत उन्हात आठवडाभर. गुलाबी, जांभळे आणि आतून रंगवलेले पारदर्शक मणी बहुतेक वेळा यात नापास होतात. चंदेरी-सोनेरी मुलामा घामाने आणि अत्तराने उतरतो. असा रंग पाच ग्रॅमवर सापडलेला बरा, वीस ब्रेसलेटं परत आल्यावर नव्हे.

चितारआळी

सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांपुढेही हाच प्रश्न उभा असतो, "प्लॅस्टिकचं पन्नासला मिळतं." त्यामुळे एक गोष्ट ठामपणे सांगते: किंमत कमी करायची असेल तर कामातून कमी करा, मजुरीतून नाही.

ज्याला ४५० च द्यायचेत त्याच्यासाठी ४५० ची वस्तू करा. तीच पट्टी १४ ऐवजी ८ मणी रुंद. मणी ८००, वजन ४ ग्रॅम, वाया धरून साडेचार, म्हणजे ७२ रुपये. दोरा १०, लहान लॉक २०, डबी १२. सामान ११४. वेळ दोन तास, मजुरी १४०. वरखर्च २५. पडती किंमत २७९. रिसॉर्टला ४५० मध्ये कमिशन जाऊन ३१५ सुटतात, स्टॉलवरही परवडतं. तुम्ही सांगत असलेला ४५० चा आकडा खरा या पट्टीचा आहे. ती मनगटावर सेंटिमीटरभर रुंद दिसते, नाजूक आवडणाऱ्यांना उलट तीच पसंत पडते.

दोन्ही शेजारी ठेवा. रुंद पट्टीला कोणी घासाघीस केली की अरुंद पुढे करायची, रुंदीचा आकडा हलवायचा नाही. आणि अगदी खाली १२० ची मण्यांची कानातली, पंधरा-वीस मिनिटांत होणारी, सामान २५ च्या आत. मुलींचा घोळका स्टॉलवर थांबतो तो त्यांच्यासाठी. दोन ब्रेसलेटं घेणाऱ्याला पैसे कमी करण्याऐवजी तीच कानातली द्या. तुम्हाला सामान आणि मजुरी मिळून ५० पडतात, समोरच्याला १२० ची भेट मिळते, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला "त्यांना तर सहाशेला दिलंत" असं म्हणता येत नाही.

पण ही १२० ची कानातली ब्रेसलेटच्या ट्रेमध्ये ठेवू नका. एका ट्रेमध्ये ठेवलं की सगळ्याला स्वस्ताचा रंग चढतो. ब्रेसलेट उभ्या दांडीवर, काळ्या किंवा गडद हिरव्या कापडावर, पाच-सहाच नग. पन्नास एकत्र ओतले की ढीग दिसतो, आणि ढिगातल्या वस्तूला माणूस ढिगाचाच भाव देतो.

नथीबद्दल थोडं. पन्नासच्या नथीशी तुलना होते ती टोचेपर्यंतच. तारेची टोकं मागे वळवून मोत्याच्या आड दाबा, मग बोटाने आणि कापसाने दोन्हीने तपासा. कापूस अडकला तर नाकातही टोचणार. तांब्याची उघडी तार घामाने हिरवी पडते आणि नाकावर डाग उठतो, म्हणून मुलाम्याची तार घ्या. दाबाच्या नथीचा दाब विकताना गिऱ्हाइकाच्या नाकावरच बसवून द्या. तो घट्ट झाला तर ती बाई दहा मिनिटांत नथ काढून पर्समध्ये टाकते आणि पुन्हा कधी घेत नाही.

गौरीच्या दागिन्यांना वेगळा नियम लावा. तिथे घासाघीस कमी आणि घाई जास्त. आपल्याकडे बऱ्याच घरांत तेरड्याची गौर असते, वर मुखवटा. त्या जुडीला वजन झेपत नाही. काचेच्या मोत्यांचा भरगच्च हार घातला की गौर पुढे झुकते. तिथे हलके मोती आणि मागे सरकती डोरी. एरवी प्लॅस्टिक नको म्हणणारे आपणच इथे प्लॅस्टिकचे मोती लावतो, आणि ते बरोबर आहे, फक्त गिऱ्हाइकाला तसं सांगून. माप मुखवट्याखालच्या बांध्याचं मागवा, फोटोवरून काढू नका. चाकरमान्यांच्या ऑर्डरी फोनवर येतात, निम्मे पैसे आगाऊ आल्याशिवाय मणी ओवायला घेऊ नका. २०२६ मध्ये गणपती १४ सप्टेंबरला. ऑर्डर २५ ऑगस्टला बंद करा, कारण त्यानंतर मोती कमी पडले म्हणून मुंबईहून मागवले तर गाड्या भरलेल्या असतात आणि पार्सल अडकतं.

आणखी एक, समुद्रकाठी दुकान असल्यामुळे. पर्यटक "इथलं काहीतरी" मागतात म्हणून कोणी किनाऱ्यावरून उचललेलं प्रवाळ किंवा मोठे शंख विकायला आणून देतं. घेऊ नका. प्रवाळ आणि काही शंख-शिंपले वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या अनुसूचीत आहेत, विकणं गुन्हा आहे. गुंजांच्या माळाही नकोत. दिसायला सुंदर, पण बी विषारी असते, आणि ओवण्यासाठी भोक पाडलं की आतलं विष अडवणारं कडक साल फुटतं. लहान मुलं माळ तोंडात घालतात.

मणीकाम_गुहागर

खूप आभार. ८ मण्यांच्या पट्टीचा नमुना आजच घेते. दोन शंका. सहा महिने मोफत दुरुस्ती खरंच परवडते का? आणि जूनपासून चार महिने उरलेला माल कसा ठेवायचा?

पटवेकरी_मालवण

दोरा आणि लॉक वर सांगितल्यासारखं असेल तर परवडते. दुरुस्ती म्हणजे लॉक बदलणं किंवा टोकाच्या दोन ओळी पुन्हा विणणं, अर्धा तास आणि ३० रुपये. मध्येच पट्टी फाटली तर ती दुरुस्ती नाही, नवीन काम आहे, तसं कार्डवर लिहा. मोफत काम आपलं, कुरिअरचा खर्च गिऱ्हाइकाचा. प्रत्येक रंगाचे ५ ग्रॅम मणी पॅकेटच्या क्रमांकासकट बाजूला ठेवा. त्याच नावाचा रंग पुढच्या लॉटमध्ये किंचित वेगळा येतो आणि जोड उठून दिसतो.

साठवायचं असं: प्रत्येक नग पुसून, कोरडा करून, वेगळ्या झिपच्या पिशवीत, हवा काढून. मग सगळ्या पिशव्या घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. रंग बदलणारं जेल घ्या, निळ्याचं गुलाबी झालं की ओलावा भरला. मंद आचेवर कोरड्या तव्यात ते पुन्हा निळं होईपर्यंत परतायचं आणि गार झाल्यावर परत ठेवायचं. तो तवा मग स्वयंपाकाला नको. डबा लोखंडी कपाटात ठेवा, बाहेरच्या भिंतीला टेकून नाही, ती पावसात पाझरते. रबर लावून पिशव्या बांधू नका, रबरातल्या गंधकाने मुलामा काळा पडतो. श्रावणात एकदा डबा उघडून बघा, पण पाऊस उघडलेल्या दुपारी.

हिशोबाची_वही

एक राहिलं. ३५० वरून एकदम ६९० केलेत तर नेहमीची गिऱ्हाइकं विचारतीलच. जुना शिल्लक माल जुन्याच दराने संपवा, आणि नवी पट्टी नव्या रंगसंगतीत, नव्या टॅगसह आणा. त्याच निळ्या-पांढऱ्या पट्टीवरचा आकडा खोडून नवीन लिहिलेला टॅग लावू नका. दिवाळीच्या सुट्टीत पर्यटक येतात, त्यांना जुना दर ठाऊक नसतो. सुरुवात तेव्हाच करा. पहिले दोन शनिवार-रविवार विक्री मंदावेल. तेव्हा दर खाली आणू नका, रोज वहीत तीन आकडे टिपा: किती जण थांबले, किती जणांनी हातात घेतलं, किती जणांनी घेतलं. थांबतच नसतील तर मांडणी बदला. हातात घेऊन ठेवत असतील तर माप किंवा रंग बघा. आवडलंय आणि फक्त पैशांवर अडतंय असं दिसलं तर ८ मण्यांची पट्टी पुढच्या ओळीत आणा.